पसाऱ्याचे फोटो काढून काय मिळणार?

प्रश्न : माझं वय ४१. आम्ही साताऱ्यात राहतो. मार्चमध्ये सासूबाईंना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ थांबलं. त्यांना समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. मी एका पतसंस्थेत कामाला होते, ती नोकरी सोडली. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला असतात, मुलगी चौथीत आहे. दिवसभर मी घरातच. सासूबाईंची अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, औषधं, मुलीचा डबा, तिचा अभ्यास. मेडिकल आणि भाजी सोडली तर मी बाहेर पडलेलेच नाही, आणि पाऊस लागल्यापासून तेही मिस्टरच आणतात.

पुण्याची बहीण म्हणाली, रोज घरातला एक फोटो काढ, मन शांत होतं. मी महिनाभर काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. शांत काही वाटलं नाही, उलट चिडचिड वाढली. फोटोत नुसता पसारा दिसतो. दोरीवरचे ओले कपडे, गोळ्यांच्या पट्ट्या, कमोडची खुर्ची. मग फोटोआधी आवरायला लागते आणि त्यातच दमते. एका फोटोखाली नणंदेने लिहिलं, ‘आईची चादर बदलली नाही का?’ मिस्टर म्हणतात, ‘पसाऱ्याचे फोटो काढून काय मिळणार? त्यापेक्षा झोप काढ.’ एकदा सासूबाईंचा फोटो काढायला गेले तर त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून मन खातंय. सोडून द्यावं का हे सगळं?

– एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या मिस्टरांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू. ज्या दुपारी डोळे आपोआप मिटत असतील त्या दुपारी झोपाच. फोटो कुठे पळून जात नाहीत. पण ‘काय मिळणार’ या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असं नाही. आणि झोप काढ म्हणणाऱ्याने त्या वेळात आईजवळ कोण बसणार हेही सांगायला हवं. त्यावर शेवटी बोलते.

आधी तो ग्रुप. पत्र वाचताना मला वाटलं, महिनाभर तुम्ही फोटो काढलेच नाहीत, हजेरी दिलीत. सून घरात काय करते, आईला कशी ठेवते, घर कसं ठेवते, याची रोजची हजेरी. फोटो काढण्याआधी आवरावंसं वाटलं ते त्यामुळे. नणंदेचा शेरा आला नसता तरी तो येईल या धास्तीने तुम्ही आवरलंच असतं.

ही काही तुमच्या एकटीची गत नाही. क्रिस्टिन डील, गॅल झाउबरमन आणि अलिक्झांड्रा बराश या अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांचा २०१६ सालचा अभ्यास सांगतो की फोटो काढणारा माणूस समोरच्या गोष्टीत जास्त गुंततो आणि त्यामुळे त्याला ती जास्त आवडते. तुमच्या बहिणीने असंच काहीतरी वाचलं असणार. पण त्याच अभ्यासात एक उलटी बाजूही आहे, जी सांगायची सगळे विसरतात. काही लोकांना जंगल सफारीचा व्हिडिओ दाखवला आणि त्याचे फोटो काढायची सोय दिली. दृश्य जेव्हा सिंहांनी म्हशीवर झडप घालण्याचं होतं, तेव्हा फोटो काढणाऱ्यांना ते न काढणाऱ्यांपेक्षा जास्त नकोसं वाटलं. म्हणजे कॅमेरा चांगलं-वाईट बघत नाही, समोर असेल ते मोठं करतो. तुम्ही रोज कमोडच्या खुर्चीसकट अख्खी खोली घेत होता, मग चिडचिड मोठी झाली यात नवल काय? याच तिघांनी नंतर आणखी एक गोष्ट दाखवली : फोटो इतरांना दाखवण्यासाठी काढतोय हे डोक्यात असलं, की आपण कसे दिसू ही काळजी शिरते आणि त्या क्षणातली मजा कमी होते.

तेव्हा पहिलं काम, ग्रुपवर टाकणं बंद. जाहीर करू नका, कारण देऊ नका. कुणी विचारलंच तर नेट चालत नाही म्हणा. साताऱ्याच्या पावसात त्यावर सगळे विश्वास ठेवतील.

दाखवूच नये असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी, लिझ ब्रुस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी, रोज एक फोटो काढणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की या सवयीने लोकांना स्वतःकडे बघायला थोडी जागा मिळते, जुनं आठवायला निमित्त मिळतं, आणि आपल्यासारखेच फोटो काढणाऱ्यांशी गप्पाही होतात. तिथे फोटो बघणारे फोटोचे शौकीन होते, चादर बघणारे नव्हते. तुमच्याकडे तसं एक माणूस आहे : बहीण. तिला पाठवा, पण अट घाला की ‘छान’ आणि अंगठा चालणार नाही, तिनेही बदल्यात तिच्या घरातला एक पाठवायचा.

‘रोज एक’ ही अटही काढून टाका. ज्यांचा दिवस स्वतःच्या हातात असतो त्यांच्यासाठी ती ठीक आहे. तुमच्या दिवसात आधीच सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, दर दोन तासांनी कूस, अशा अटी आहेत, त्यात आणखी एक कशाला? चुकलेल्या दिवसाचा हिशेब ठेवायला लावणारा कोणताही छंद मला संशयास्पदच वाटतो.

आता पसारा.

तुम्ही फोटो बहुधा खोलीच्या दारात उभं राहून काढता. दारातून सगळंच दिसतं. खोली समोर पसरलेली असते, डोळा तिच्यातून हवं ते उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. कॅमेऱ्याला सोडून देणं जमत नाही. मग आपल्याला रोज न दिसणारी बादली फोटोत ठसठशीत दिसते. यावर उपाय आवरणं हा नाही, पुढे जाणं हा आहे. दोन पावलं पुढे, मग आणखी एक. फोटोत एकच गोष्ट उरेल इतकं जवळ जा. दोरीवरच्या सगळ्या कपड्यांऐवजी एकाच ओल्या टॉवेलची कड. गोळ्यांचा डबा घ्यायचा तर त्याचा एक खण. मुलीचं दप्तर नको, त्याच्या चेनला तिने बांधलेला दोरा घ्या.

जवळ जाण्याचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठात लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी, फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्यावर सोपवलं आणि डोक्याने सुट्टी घेतली. पण ज्या वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला होता, तिची आठवण शाबूत राहिली, आणि न टिपलेल्या भागाचीसुद्धा. भसाभस काढण्यात आणि नीट बघून काढण्यात असा फरक पडतो. तुम्हाला हवा असलेला निवांतपणा मिळाला तर त्या ‘नीट बघण्यात’ मिळेल. फोटो ही त्यातून उरलेली वस्तू आहे. चांगला आला तर बरं, नाही आला तरी बघणं झालेलं असतं.

दिवसभर तुम्ही घराकडे कामाची यादी म्हणून बघता. चादर दिसली की बदलायची, भांडं दिसलं की घासायचं, सासूबाई दिसल्या की कूस, पाणी, गोळी. फोटो काढताना काही मिनिटं तरी त्याच चादरीला फक्त बघायचं असतं, बदलायचं नसतं. मिस्टरांना ‘काय मिळणार’चं उत्तर द्यायचं असेल तर हे द्या. ती मिनिटं विश्रांतीचीच आहेत, फक्त डोळे उघडे असतात.

सुरुवात खिडकीपासून करा. तुम्ही पावसाला वैतागला आहात, पण फोटोसाठी यापेक्षा चांगला मोसम नाही. मे महिन्यातलं ऊन खोलीत येतं तेव्हा जिथे पडतं तिथे भगभगीत पांढरं आणि शेजारी काळंकुट्ट करून टाकतं. ढगाळलेलं आभाळ म्हणजे अख्ख्या साताऱ्यावर ताणलेलं मलमलीचं कापड. त्यातून गाळून येणाऱ्या उजेडात सावल्यांच्या कडा मऊ होतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतात पण ओरबाडत नाहीत. फोटो स्टुडिओवाले छत्र्या आणि पांढरे पडदे लावून जे करायला बघतात ते आषाढ-श्रावणात फुकट मिळतं.

फक्त ट्यूब बंद करा. आपल्याकडे पावसाळ्यात भर दिवसा ट्यूब लावून ठेवायची सवय असते. खिडकीचा उजेड एका बाजूने येतो, म्हणून वस्तूला एक उजळ अंग आणि एक सावळं अंग मिळतं, ती गोल, भरीव वाटते. वरून ट्यूब आली की सगळं सपाट होतं, शिवाय दोन उजेडांचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. खिडकी पाठीमागे घेतलीत तर माणूस काळा येईल. तिला डावी-उजवीकडे ठेवा. फ्लॅश कायमचा बंद. फोनच्या पडद्यावर जिथे सर्वांत जास्त उजेड आहे तिथे बोट टेकवा. बऱ्याच फोनवर सूर्याची छोटी खूण येते, ती थोडी खाली ओढा. फोटो जरा काळोखी येईल, पण खिडकीतलं आभाळ पांढरं फट्ट होणार नाही. आणि हे सगळं करण्याआधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या लेन्सवर तेलकट बोटांचा थर असतोच. फोटोत धुरकटपणा दिसतो तो कॅमेरा जुना झाल्याचा नव्हे, फोडणीचा असतो. जुन्या सुती साडीचा तुकडा पुरतो.

खिडकीवरून तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगायचा मोह होतोय. योसेफ सुदेक हा चेक छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. एका हाताने तो मोठमोठे लाकडी कॅमेरे आणि तिवया वाहायचा. प्राग शहरात, एका अंगणात त्याचा लहानसा लाकडी स्टुडिओ होता, खोपटंच म्हणा. १९३९ साली जर्मन फौजांनी प्राग घेतलं. रस्त्यावर कॅमेरा घेऊन मोकळं फिरायचे दिवस संपले. १९४० साली सुदेकने कॅमेरा स्वतःच्या खिडकीकडे वळवला आणि ती एक खिडकी तो १९५४ पर्यंत टिपत राहिला. एकच खिडकी. कधी काचेवर दव, कधी बर्फ, कधी ओघळ. पलीकडे अंगणातलं वाकडं सफरचंदाचं झाड, अलीकडे कठड्यावर पाण्याचा पेला किंवा एखादं फूल. युद्ध संपलं, राज्यकर्ते बदलले, खिडकी तीच. त्या फोटोंत युद्ध कुठेच दिसत नाही आणि तरीही बघणाऱ्याला कळतं की आत कोणीतरी बसून आहे आणि बाहेर जाता येत नाही.

आणि तो पसारेवाला होता! त्याच्या स्टुडिओत कागद, काचा, खोकी, तबकड्या यांचे ढीग असत. त्याने आवरलं नाही, त्या ढिगाऱ्यांचेही फोटो काढले, आणि आज लोक ते संग्रहालयांत तिकीट काढून बघतात. नणंदेला हे सांगायची गरज नाही, तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

आंद्रे कर्तेसचंही असंच. जगभर नाव झालेला हा हंगेरियन छायाचित्रकार, बायको १९७७ साली गेल्यावर न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये बराचसा एकटा राहू लागला. म्हातारपणी त्याने साधा पोलरॉइड कॅमेरा घेतला आणि खिडकीच्या कठड्यावर काचेच्या लहान वस्तू ठेवून त्यांचे फोटो काढले. त्यातल्या एका काचेच्या मूर्तीच्या मानेचा झोक त्याला बायकोसारखा वाटायचा.

तुमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो की समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी, मला माहीत नाही. दोन्ही चालेल. एक खिडकी ठरवा, फोन रोज साधारण एकाच जागी धरा आणि बाकी बदल पावसावर सोडा. डोंगर असेल तर ढग किती खाली उतरले ते दिसेल. टाकी असेल तर शेवाळ वाढताना दिसेल, आणि मला विचाराल तर शेवाळ जास्त मजेचं.

मुलीला यात घ्या, पण अभ्यास म्हणून नको. फोन तिच्या हातात द्या आणि पाच फोटो काढ म्हणा, काय काढायचं ते सांगू नका. तिच्या उंचीवरून ओट्याची कड डोळ्यासमोर येते, पलंगाखालचं जग दिसतं, आजीचा चेहरा समोरासमोर येतो. आपण मोठी माणसं आजारी माणसाचा फोटो वरून काढतो, तो नेहमी केविलवाणा येतो. मुलीने काढलेला तसा येणार नाही. तुमचाही फोटो तिला काढू द्या. पत्रात महिनाभराच्या फोटोंबद्दल इतकं लिहिलंत, त्यात तुम्ही स्वतः एकाही फोटोत असल्याचा उल्लेख नाही. बहुतेक घरांत असंच असतं. जी फोटो काढते ती अल्बममध्ये सापडत नाही.

फोटो हलले, धूसर आले म्हणून पुसून टाकू नका. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कोलकात्यात जन्मली, पुढे इंग्लंडच्या दक्षिणेला एका बेटावर संसार करून राहिली. ४८ वर्षांची असताना लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तोवर तिने हे काम असं मनावर घेतलेलं नव्हतं. तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, आणि घरातली माणसं, शेजारपाजारची मुलं, कामाच्या मुली यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्या वेळच्या जाणकारांनी तिच्या फोटोंना धूसर म्हणून नावं ठेवली. आज त्यांतल्या बहुतेक जाणकारांची नावं कुणाला आठवत नाहीत.

आता सासूबाई. पत्रातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

त्यांनी तोंड फिरवलं, म्हणजे नाही म्हणाल्या. शब्द गेलेल्या माणसाकडे ‘नाही’ म्हणायच्या फार थोड्या रीती उरतात, त्यातली ही एक. तुम्ही ती ओळखलीत, त्यात मन खाण्यासारखं काही नाही. पुढे एवढंच करा. फोटो काढण्याआधी फोन त्यांना दाखवा, विचारा, थांबा. अशा झटक्यानंतर काहींची मान ‘हो’ला नाही आणि ‘नाही’ला हो हलते, म्हणून मानेपेक्षा चेहरा बघा. काढलेला फोटो लगेच त्यांना दाखवा. त्यांना आवडला नाही असं वाटलं तर त्यांच्यासमोर पुसा. अंघोळ, कपडे बदलणं, कमोड, भरवताना सांडलेलं, यातलं काहीही कधीच काढायचं नाही, डॉक्टरांनी जखम दाखवायला मागितली तर तेवढा अपवाद. आणि त्यांचा कुठलाही फोटो ग्रुपवर जायचा नाही, मुलीने काढलेलाही नाही. आयुष्यभर पदर सावरून फोटोला उभ्या राहिलेल्या बाईला, आपला नाइटगाऊनमधला फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरतोय हे कळलं तर काय वाटेल, त्याचा विचार करा.

चेहरा नकोच असेल तर हात काढा. पण त्याहून चांगलं सांगते : त्यांनाच काढू द्या. त्यांची उजवी बाजू गेली आहे, डावा हात चालतो. बऱ्याचशा फोनमध्ये आवाजाचं बटण दाबलं की फोटो निघतो. फोन उशीला टेकवून किंवा छोट्या स्टँडवर लावून द्या, कॅमेरा सुरू करा आणि त्यांचं बोट बटणावर ठेवा. पलंगावरून त्यांना दिवसभर काय दिसतं ते तुम्हाला पहिल्यांदा दिसेल. बहुधा पंखा, छताचा कोपरा, दार. दाराबाहेरून ये-जा करणाऱ्या तुम्ही. त्यावरून पलंग थोडा फिरवावासा वाटला तर जरूर फिरवा, खिडकीकडे.

आणखी एक काम फोटोंनी होऊ शकतं. बोलणं गेलेल्या रुग्णांसाठी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याचे उपचार करणारे, चित्रांचे फळे वापरतात. हवं त्या चित्रावर रुग्णाने बोट ठेवायचं. बाजारात मिळतात त्यांच्यावर परक्या घरातले कप आणि परक्या बाया असतात. तुम्ही तुमच्या घरातले काढा : त्यांचा स्टीलचा पेला, चहाचा कप, पंखा, उशी, टीव्हीचा रिमोट, शाल, बाथरूमचं दार, देव्हारा, नातीचा चेहरा, मुलाचा, लेकीचा, तुमचा. एकेक वस्तू, साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, फोटोभर मोठी. पासपोर्ट फोटो काढणाऱ्या कुठल्याही स्टुडिओत पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट मिळतात. पुठ्ठ्यावर सहा-आठच चिकटवा, एकदम गर्दी नको, आणि लॅमिनेट करून घ्या. डाव्या हाताने बोट दाखवता येईल अशा बेताने धरा. अशा झटक्यात काहींना उजवीकडचं नीट दिसत नाही, म्हणून फळा थोडा डावीकडे धरून बघा. पहिल्या दिवशी जमलं नाही तर नाराज होऊ नका. काहींना चित्र ओळखून बोट दाखवणंही शिकावं लागतं. स्पीच थेरपिस्ट अजून बघितला नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. हात-पाय हलवून घ्यायला माणूस येतो तसा बोलणं हलवून घ्यायलाही असतो, आणि गावाकडे हे फार उशिरा कळतं.

फोन भरून जायची काळजी असेल तर महिन्यातून एकदा बसून चाळा. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण २०२१ च्या १ जूनपासून बंद झाली. आता एका खात्याला सगळं मिळून १५ जीबी फुकट आहे. ठेवावेसे वाटणारे ठेवा, चार-पाच छापून घ्या.

हे सगळं सांगून झाल्यावर आता जे फोटोंनी होत नाही ते.

मार्चपासून तुम्ही एकट्या हे ओढताय. खिडकीतला उजेड चांगला असला तरी तो खिडकीच्या आतूनच बघायचा, हे मला मंजूर नाही. आठवड्यातून दोन-तीन तास तुम्ही घराबाहेर असायला हव्यात आणि त्या वेळात सासूबाईंजवळ त्यांचा मुलगा असायला हवा. मिस्टरांना आईंची कूस बदलून देता येत नसेल तर फिजिओथेरपिस्ट आले की त्यांनी शिकून घ्यायचं, त्यात अवघड काही नाही. सुट्टीच्या दिवसाची वेळ ठरवून टाका. ‘मदत कराल का’ असं विचारू नका. आई त्यांची आहे, मदत तुम्ही करताय.

झोप लागत नसेल, किंवा लागूनही पहाटे दचकून जाग येत असेल, जेवण नकोसं झालं असेल, सासूबाईंवर हात उगारावासा वाटत असेल, किंवा आपण नसतो तर बरं असं मनात येऊन जात असेल, तर मग हा विषय छंदाचा उरत नाही. फॅमिली डॉक्टरांना स्वतःसाठी भेटा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांनी फोन करायला तिथे कुणाची हरकत नसते.

नणंदेशी भांडू नका, त्यांना काम द्या. त्यांना सांगा, आईंच्या फळ्यासाठी तुमचा, भावजींचा आणि मुलांचा एकेक स्पष्ट फोटो पाठवा, साध्या भिंतीसमोर काढलेला. आणि पुढच्या महिन्यात दोन दिवस इथे राहायला या, मला बहिणीकडे पुण्याला जायचं आहे. तारीख आधी बहिणीशी ठरवा, एसटीचं रिझर्वेशन करा, मग नणंदेला कळवा.